दहा यार्डांचं गणित : ओहायो स्टेटचा एवढा तगडा ऑफेन्स मिशिगनपुढे अडकला कसा

३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, म्हणजे खरं तर उजाडता १ डिसेंबर, दोन-अडीचच्या सुमारास भाच्याचा मेसेज आला, नुसतंच "मामा, संपलं". मी दचकून उठलो, वाटलं काय झालं पोराला परदेशात. तो कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो, आणि संपलं म्हणजे काय तर त्यांची फुटबॉल टीम मिशिगनकडून १३-१० ने हरली होती. घरच्या मैदानावर, एक लाखाच्या वर पब्लिकसमोर, आणि समोरची टीम त्या सीझनमध्ये आधीच ५ मॅच हरून आलेली. सट्टेबाजांच्या हिशोबाने ओहायो स्टेटने साधारण २० पॉइंटने जिंकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ताईने, म्हणजे त्याच्या आईने, एकच प्रश्न विचारला. "अरे तुमची एवढी भारी पोरं म्हणतोस, मग पुढे का जात नव्हती?" भाच्याला काही धड सांगता येईना, तो आपला कोचला शिव्या देत बसला. पण प्रश्न एकदम बरोबर होता आणि दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी या मॅचच्या निमित्ताने हाच प्रश्न कुणाला ना कुणाला पडतो, म्हणून हे लिहितोय.

आधी खेळ काय आहे ते

हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल, आपला मेस्सीवाला नाही. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा, त्याला एंड झोन म्हणतात, तिथे बॉल नेला की टचडाऊन, ६ पॉइंट, वर एक किक मारून सातवा. नाही जमलं तर दांड्यांमधून किक मारायची, तो फील्ड गोल, ३ पॉइंट. दोन्हीकडे ११-११ जण. बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स, आणि दोन्हीचे खेळाडू वेगवेगळे असतात, क्रिकेटसारखे तेच तेच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच. ऑफेन्सला ४ प्रयत्न मिळतात आणि त्यात १० यार्ड पुढे जायचं असतं. गेलात तर परत नवे ४, नाही गेलात तर बॉल समोरच्याला. या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. प्रत्यक्षात तीनच धरा कारण चौथ्यावर बहुतेक टीम रिस्क न घेता किक मारून मोकळ्या होतात.

बॉल ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. तो एक तर शेजारच्याला बॉल देतो आणि तो घेऊन पळतो, हा रन, किंवा लांब पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकतो, हा पास. आणि क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच धिप्पाड पोरं उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाईन. त्यांनी बॉल पकडायचा नाही, पळायचं नाही, फक्त समोरच्याला ढकलायचं. टीव्हीवर यांच्याकडे कुणी बघत नाही.

हे पाच जण म्हणजे दहीहंडीतला खालचा थर. फोटो वरच्या गोविंदाचा येतो, पेपरात तोच, पण खालच्या थरातल्या एकाचा खांदा हलला की वरचा कितीही चपळ असू दे, तो खालीच येणार.

गणित मुळातच ऑफेन्सच्या विरोधात

११ विरुद्ध ११ म्हणजे बरोबरी वाटते ना, पण तशी ती नाहीये. रन खेळायचा म्हटलं तर क्वार्टरबॅक बॉल देऊन मोकळा, तो कुणाला अडवत नाही. बॉल घेऊन पळणारा स्वतःसाठी वाट काढून देऊ शकत नाही. राहिले ९. समोर मात्र ११ च्या ११ अंगावर यायला तयार. म्हणजे सुरुवातीलाच दोन माणसं कमी.

हे दोन भरून काढायचे कसे, तर धाक दाखवून. "आम्ही लांब पास टाकू हां" अशी भीती असली की डिफेन्स आपले दोन माणसं खूप मागे उभे ठेवतो, यांना सेफ्टी म्हणतात. ते दोघं मागे राहिले की पुढे ९ विरुद्ध ९, झाली बरोबरी. आणि तो मागचा एक जण जरा पुढे सरकला की वरून पास. सगळा ऑफेन्स या एका सीसॉवर चालतो, तू पुढे आलास तर मी वरून, तू मागे गेलास तर मी मधून.

आता समजा डिफेन्सकडे मध्यभागी असा एक बैल आहे की त्याला हलवायला दोन जण लागतात. एका माणसावर दोन खर्च झाले, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी मोकळा सुटला आणि बरोबरी गेली. मिशिगनकडे असे एक नाही, दोन होते. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, कागदावर दोघांचंही वजन १४० किलोच्या वर. पुढच्या एप्रिलमध्ये प्रोफेशनल लीगच्या निवडीत ग्रॅहम पाचव्या नंबरला गेला आणि ग्रँट तेराव्या. अख्ख्या देशातून. म्हणजे एकाच कॉलेजच्या मधल्या दोन जागांवर असे दोघं शेजारी शेजारी उभे.

विरार लोकलने दादरला उतरायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना हे लगेच कळेल. तुम्ही कितीही चपळ असा, दारात दोन जाडजूड काका हात पसरून उभे असले आणि त्यांना सरकवायला तुमच्यापुढे कुणी नसलं तर तुम्ही थेट वांद्र्यालाच उतरणार.

आणि इथे भाच्याच्या टीमची गोची होती. डावीकडचा मुख्य टॅकल, म्हणजे लाईनच्या टोकाचा माणूस, जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध जखमी होऊन सीझनबाहेर. त्याच्या जागी शेवटी शेजारचा डॉनोव्हन जॅक्सन सरकवला. मग नोव्हेंबरमध्ये मधला सेंटर सेथ मॅकलॉफलिन, त्याची प्रॅक्टिसमध्ये टाचेची शीर तुटली. तिथे परत दुसरा सरकवला. म्हणजे पाचातले दोन मूळचे नाहीत आणि उरलेल्यांपैकी काही जण आपल्या नेहमीच्या जागेवर नाहीत. पहिल्या थरात दोन नवे खांदे, आणि समोर ग्रॅहम-ग्रँट. निकाल काय, तर २६ रन आणि ७७ यार्ड. एका रनला तीन यार्डसुद्धा नाहीत. (कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकला मागेच आडवा केला तर ते उणे यार्डसुद्धा रनच्या खात्यात धरतात, तरी पण.)

मग पास का नाही टाकत?

हा पहिला प्रश्न सगळ्यांचा. पासमध्ये दुसरं गणित. नियमाने लाईनमधले पाच जण बॉल पकडू शकत नाहीत, क्वार्टरबॅक फेकणार, म्हणून पकडायला जास्तीत जास्त पाच जण पळणार. डिफेन्सने ११ पैकी किती जण क्वार्टरबॅकच्या अंगावर पाठवायचे हे तेच ठरवतात. चार पाठवले तर मागे सात उरतात, पाच जणांवर नजर ठेवायला सात. सहा पाठवले तर मागे पाचच, मग कुणीतरी मोकळा सापडतो. असे जास्तीचे माणसं सोडण्याला ब्लिट्झ म्हणतात आणि चांगला क्वार्टरबॅक ब्लिट्झची वाटच बघत असतो.

पण डिफेन्सचे चारच जण तुमच्या पाच जणांना भारी पडत असतील तर? मग त्यांना ब्लिट्झची गरजच नाही. चार जण क्वार्टरबॅकचं डोकं फिरवणार आणि मागे सात जण आरामात पहारा देणार, आणि बिचारा क्वार्टरबॅक दोन-अडीच सेकंदात कुठे बघणार? तगडा डिफेन्स म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर हेच, कमी माणसांत पुढचं काम उरकतो. बाकी सगळं त्यातून येतं.

पास टाकलेच नाहीत असंही नाही हां. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डने ३३ टाकले, रनपेक्षा जास्त. त्यातून १७५ यार्ड आले, आणि दोन बॉल समोरच्यांनी पकडले. त्यातला पहिला तर ओहायो स्टेटच्याच एंड झोनपासून दोन-एक यार्डांवर, तिथून मिशिगनच्या केलेल मलिंग्जने नुसतं पुढे घुसून टचडाऊन केला. फुकटचे ७ पॉइंट. अख्ख्या मॅचमध्ये मिशिगनचा टचडाऊन एवढाच.

कबड्डीतली तिसरी चढाई

आता जरा बारीक मुद्दा. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय. त्या चढाईत रेडरला काहीतरी करावंच लागतं आणि ते समोरच्या सातही जणांना माहीत असतं, कोपरे टपून बसलेले असतात, साखळी तयार असते. तोच रेडर, तेच मैदान, पण पॉइंट मिळणं अवघड, कारण त्याच्याकडे गुपित उरलेलं नाही.

फुटबॉलमध्ये तिसरा डाऊन असाच. पहिल्या डाऊनला ५ यार्ड मिळाले तर दुसऱ्याला ५ बाकी, रन पण चालतो पास पण चालतो, डिफेन्सला अंदाज लावावा लागतो. पहिल्याला शून्य मिळालं, दुसऱ्याला दोन, की तिसऱ्याला ८ बाकी, आता पास येणार हे वरच्या रांगेत पॉपकॉर्न खाणाऱ्यालाही कळतं. मग ते चार जण रनचा विचारच सोडून कान टवकारून क्वार्टरबॅकवर धावतात. म्हणजे रन फसला म्हणून पास फसतो. लोक म्हणतात "पास खराब टाकला", अरे पण त्याचं कारण दोन डाऊन आधी झालेलं असतं.

आणि हे चक्रवाढ व्याजासारखं वाढतं. समजा एंड झोनपर्यंत जायला तुम्हाला दहा-दहा यार्डांचे चार टप्पे पार करायचेत. प्रत्येक टप्पा जमण्याची शक्यता ७० टक्के असेल तर चारही जमण्याची शक्यता किती? साधारण २४ टक्के. आता डिफेन्स जरा चांगला आला आणि ७० चे ५० झाले, वाटतं फार काही बिघडलं नाही, पण चारही जमण्याची शक्यता थेट ६ टक्क्यांवर येते. चौथा हिस्सा! म्हणून नेहमी ३५-४० पॉइंट करणारी टीम अचानक १० वर येते तेव्हा ती चारपट वाईट खेळली असं नसतं, प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी कमी पडलेली असते.

यातून सुटायचा एकच शॉर्टकट म्हणजे टप्पेच न मोजता एकदम ५०-६० यार्डांचा एक घाव. आणि नेमकं तेच मागे उभे असलेले सेफ्टी होऊ देत नाहीत. या, दहा दहा यार्डांनी या, बघू किती वेळा जमतं.

जवळ गेल्यावर तर अजून अवघड

हे ऐकायला उलटं वाटतं. शेवटच्या २० यार्डांना रेड झोन म्हणतात आणि लोकांना वाटतं आता काय, आलंच. पण तुम्ही १० यार्डांवर उभे असाल तर रिसीव्हरला पळायला पुढे ते १० आणि एंड झोनचे १०, एकूण २० यार्डच. त्याच्या स्पीडचा उपयोग शून्य, गल्लीत कुणी फरारी पळवतं का. सेफ्टीला मागे राखायला जागाच नाही म्हणून तोही पुढे येतो, आणि आपलं ते ९ विरुद्ध ११ परत सुरू. इथे लाईनच्या ताकदीशिवाय काही चालत नाही. ओहायो स्टेटने त्या दिवशी दोन फील्ड गोलही चुकवले. हरली ३ पॉइंटने, त्यामुळे बिचाऱ्या किकरला सगळ्यांनी धरलं, पण मुळात तिथे किक मारायची वेळ का आली हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे पॉइंट किती, तर शून्य.

"पण एवढे स्टार होते की"

होतेच. रिसीव्हर जेरेमाया स्मिथ, पहिल्याच वर्षाचा पण सगळा देश त्याचं नाव घेत होता. एमेका एग्बुका. पळणारे दोघं, ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स. स्मिथ सोडून बाकी तिघंही सहा महिन्यांत प्रोफेशनल लीगच्या निवडीत पहिल्या दोन राउंडमध्ये गेले. टीमवर वर्षाला साधारण २ कोटी डॉलर लागले असा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. पण हे सगळे वरच्या थरातले. स्मिथला त्या दिवशी ५ बॉल मिळाले आणि ३५ यार्ड, एक टचडाऊन त्याचाच. आणि मिशिगनचा सगळ्यात चांगला कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरवर नजर ठेवणारा विल जॉन्सन, तो तर जखमी होऊन बाहेर बसलेला! म्हणजे दार अर्धं उघडं होतं आणि हे आपले भिंतीला डोकं आपटत होते.

इथे माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. हा हट्ट होता. ओहायो स्टेट त्याआधी मिशिगनकडून सलग तीन वर्षं हरली होती, २०२१ ला ४२-२७, मग ४५-२३, मग ३०-२४, आणि तीनही वर्षं लोक टोमणे मारायचे की यांची पोरं नाजूक, मारामारी आली की गळपटतात. कोच रायन डे वर त्याचं किती ओझं असेल. मग या वेळी मधूनच घुसून दाखवायचं, जिथे समोरचे सगळ्यात मजबूत तिथेच. आपल्याकडे भावकीच्या वादात माणूस कोर्टात जिंकत असलेली केस सोडून बांधावर भांडायला जातो तसं.

मग रायव्हलरीमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, पण लोक म्हणतात तसा नुसत्या जोशामुळे नाही. जोश दोन्हीकडे असतो, तो कटतो. या दोन टीम पहिल्यांदा १८९७ ला खेळल्या आणि १९१८ पासून २०२० चं कोविडचं वर्ष सोडलं तर दर वर्षी खेळतात. समोरचा कोण हे वर्षभर आधी माहीत असतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी तयारी वर्षभर चालते. आणि नेहमीच्या सीझनची शेवटची मॅच म्हणून ११ मॅचचे व्हिडिओ हातात, तुमची प्रत्येक सवय समोरच्याला पाठ. वर घरच्या ग्राउंडचा आवाज हे कारणही या मॅचला लागू नाही, पब्लिक ओहायो स्टेटचंच होतं. उलट पहिले दोन-तीन डाऊन फसले की तेच पब्लिक गप्प होतं आणि ते जास्त ऐकू येतं, असं भाचा म्हणाला.

मिशिगनचा डिफेन्स एवढा भारी तर ते ५ मॅच हरले कसे?

कारण त्यांचा स्वतःचा ऑफेन्स अगदीच रडका होता. या जिंकलेल्या मॅचमध्येही त्यांच्या क्वार्टरबॅकने पासमधून अख्खे ६२ यार्ड काढले. बासष्ट. शिवाय त्या डिफेन्सला कुणी फोडलंच नाही असंही नाही, टेक्ससने ३१ केले, ओरेगनने ३८. म्हणजे वाट होती. शेवटी निर्णय झाला तो मलिंग्जच्या एका २७ यार्डांच्या धावेवर, तिसऱ्या डाऊनला, आणि मग ४५ सेकंद बाकी असताना डॉमिनिक झ्वाडाची छोटीशी किक. पुढे मिशिगनवाल्यांनी आपला झेंडा मैदानात रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, तो भाग तुम्ही पाहिला असेलच.

आणि मग हरलेली ओहायो स्टेटच त्या वर्षी चॅम्पियन कशी?

हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे की पोरं खराब नव्हती. बरोबर तीन आठवड्यांनी, चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये, त्याच मैदानावर, जवळपास तीच लाईन, तेच कोच, आणि टेनेसीला ४२-१७ ने धुतलं. हॉवर्डने ३११ यार्ड टाकले, स्मिथला सुरुवातीपासून बॉल द्यायला लागले, लांब टाकायला लागले. मग ओरेगन ४१-२१, टेक्सस २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ ने हरवून टायटल. लाईन बरी झाली नव्हती, जखमी लोक जखमीच होते. फक्त वरून धाक आधी दाखवला आणि मग मधून रस्ता मागितला. सेफ्टी मागे सरकले, ९ विरुद्ध ९ झाले.

२०२५ ला पारडं फिरलं, ॲन आर्बरमध्ये मिशिगनच्याच घरी ओहायो स्टेटने २७-९ ने मारलं. मिशिगनला टचडाऊन एकही नाही, तीन फील्ड गोल फक्त. या वेळी ताईने पण मॅच लावली होती, रात्री साडेदहाला चालू होते आपल्याकडे. मी तिला एवढंच सांगितलं होतं की बॉल हातात आला की पहिले दोन सेकंद बॉलकडे बघूच नकोस, मधल्या पाच जणांकडे बघ, ते पुढे चाललेत का मागे. ती जपमाळ घेऊन बसलेली. अर्ध्या तासाने फोनवर म्हणाली, "ही निळी पोरं (म्हणजे मिशिगनची) सारखी मागेच येतायत रे, यांचं काही होत नाही," आणि झोपायला गेली.